तीस लाख नाण्यांवरचा टाळकरी

हाक ऐकू आली की ओ द्यायची. एवढी साधी गोष्ट रांगत्या बाळाला कळते, गोठ्यातल्या वासराला कळते. मग खेकडोबाला का कळू नये?

गेले तीन दिवस त्याला हाका मारणं चालू होतं. दर अर्ध्या सेकंदाला एक हाक. म्हणजे दिवसाकाठी पावणेदोन लाखांच्या आसपास हाका झाल्या! आणि खालून ओ एकही नाही.

खाली म्हणजे कुठे, तर अरबी समुद्राच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल. आणि खेकडोबा म्हणजे कोण, तर सहा पायांचा, दोन नांग्यांचा, पाटाएवढ्या पाठीचा एक यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव 'समुद्रतळ-चार' असं होतं. खेकडोबा हे नाव शरयूनं ठेवलेलं. दहा वर्षांच्या शरयूला साऱ्या सागरमाचीवर तेवढा एकच सोबती होता.

सागरमाची हे कोकण किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर तरंगणारं संशोधन केंद्र. तेवीस माणसं, आणि तेवीसच्या तेवीस मोठी. शरयूचे आईबाबा वर्षभरासाठी दक्षिण ध्रुवाकडच्या किनाऱ्यावर बर्फाचा अभ्यास करायला गेले, म्हणून ती आजोबांकडे इथं आली. आजोबांना सगळे तात्या म्हणत. तात्या पाण्यातल्या आवाजांचे शास्त्रज्ञ. माणूस मायाळू, पण कामात बुडाला की हाका मारून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी शरयूला सांगितलं होतं, "बाळ, कुणी काम करत असलं की मध्ये बोलायचं नाही हं."

शरयू गुणी मुलगी. ती मध्ये बोलली नाही. पण सागरमाचीवर कायम कुणी ना कुणी काम करतच असे. त्यामुळे झालं असं, की शरयू बोलायचीच राहून गेली. खोलीच्या दारात उभं राहायचं, तात्यांची पाठ बघायची, आणि परत फिरायचं.

मग ती खेकडोबाकडे जाई. तो नव्यानं शिकू शकणारा यंत्रमानव होता. बुडी नसली की दुपारभर दोघं मागच्या फळीवर बसत. समोर पाणी, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी. शरयू त्याला गावच्या मंदिरातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं ऐकवी. गावी तात्या बुवांच्या मागे टाळकरी म्हणून उभे राहत, आणि त्यांच्या गुडघ्याशी टिचभर टाळ घेऊन शरयू. इथं आल्यापासून मात्र तात्यांचा टाळ ट्रंकेतून बाहेर निघाला नव्हता.

आता हा खेकडोबा समुद्राच्या तळाशी गेला कशाला? पैसे आणायला!

त्याची गंमत अशी. देशात नाणी वापरणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. भाजीवाल्यापासून देवळाच्या पेटीपर्यंत सगळे व्यवहार फोनवर. तेव्हा एका बँकेनं शेवटची आठवण म्हणून एक रुपयाची तीस लाख नाणी पाडून घेतली आणि आखातातल्या भारतीयांना विकायला जहाजावर चढवली. वादळ आलं, नाण्यांची लोखंडी पेटी समुद्रात गेली. जे पैसे जमिनीवर कुणी उचलून घेतले नसते, ते समुद्रात पडल्याबरोबर सगळ्यांना हवेसे झाले. ते शोधायला बँकेनं चार कोटी रुपये काढले आणि सोबत एक अधिकारी धाडला, पेंडुरकर साहेब. साहेबांना पाण्याची धास्ती. सागरमाचीवर पाऊल ठेवल्यापासून त्यांनी अंगावरचं जीवरक्षक जाकीट काढलं नव्हतं. जेवतानाही नाही.

"तीस लाखांसाठी चार कोटी?" मुख्य अभियंता बोरकरबाईंनी त्यांना विचारलं होतं.

"प्रश्न पैशांचा नाहीये, मॅडम. तत्त्वाचा आहे," असं म्हणून साहेबांनी मळमळीची गोळी घेतली होती.

तर खेकडोबा तारेला बांधून खाली गेला. पेटी सापडली. तिचं एक दार उचकटलं होतं आणि चिखलावर नाणीच नाणी पसरली होती. खेकडोबानं पेटीला हात घातला मात्र, आणि पेटी उतारावरून घसरली. तार तुटली. पेटी, नाणी आणि खेकडोबा सगळे अंधारात कुठे गडगडत गेले, कुणाला कळलं नाही.

ही झाली तीन दिवसांपूर्वीची गोष्ट.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बोरकरबाईंनी सगळ्यांना भोजनकक्षात बोलावलं.

"त्याची बॅटरी जपून वापरली तरी तीन दिवसांची," त्या म्हणाल्या. "फार तर संध्याकाळपर्यंत पुरेल. पाच वाजता हाका बंद करू."

"आणि मग?" तात्यांनी विचारलं.

"मग काय तात्या, कागदावर लिहायचं, समुद्रतळ-चार गमावला."

शरयू कोपऱ्यात बसली होती. तिनं ताटातला भात तसाच ठेवला आणि उठून श्रवणकक्षात गेली. श्रवणकक्ष म्हणजे तात्यांची आवाज ऐकायची खोली. सागरमाचीच्या पोटाखाली एक जलकर्ण (पाण्यातले आवाज टिपणारा यंत्राचा कान) टांगलेला होता, आणि त्याच्या शेजारी पाण्यात हाक सोडणारा कर्णा. जलकर्ण जे ऐके, ते खोलीतल्या हेडफोनमध्ये येई.

थोड्या वेळानं तात्या आत आले. शरयूचे डोळे लाल दिसले तसे ते शेजारी बसले.

"तात्या, त्याला फोन का नाही लावता येत? आईबाबांना तर इतक्या लांब लागतो, दर रविवारी."

"फोन चालतो रेडिओलहरींवर. त्या लहरी हवेतून ध्रुवापर्यंत जातील, पण खाऱ्या पाण्यात शिरल्या की चार हातांत विरून जातात. पाणी त्यांना पिऊन टाकतं म्हण ना. प्रकाशाचंही तेच. दोनशे मीटर खाली गेलं की अंधार सुरू."

"मग पाण्यातून जातं तरी काय?"

"आवाज! आवाज म्हणजे धक्का. एक कण दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. हवेतले कण विरळ आणि ढिले, तिथं आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. पाणी सहजासहजी दबत नाही, धक्का लगेच पुढे सरकवतं. म्हणून पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर जातो, आणि जातो तोही दूरवर. देवानं समुद्राला डोळे दिले नसतील, पण कान दिलेत हो भरपूर."

"म्हणजे आपली हाक त्याला पोचते?"

"पोचायलाच हवी. पाण्यात ओ द्यायचं त्याचं यंत्र गडगडताना फुटलं असेल. पण कान शाबूत असेल, तर नुसती नांगी आपटूनही ओ देता आली असती त्याला. म्हणून तर वाटतं, की तोच..."

त्यांनी शरयूच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाहेर गेले.

शरयूनं हेडफोन कानाला लावला. टूं. टूं. टूं. टूं. आपलीच हाक, एकीला लागून दुसरी. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. अखंड बोलणाऱ्या बुवांसारखी! श्रोते अवघडले, टाळकरी टाळ धरून ताटकळले, तरी बुवांचं आपलं चालूच. टूं. टूं. टूं.

आणि एकदम तिला आठवलं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. कीर्तन ऐकताना बुवांचं निरूपण (अर्थ उलगडून सांगणं) रंगात आलं होतं, आणि खेकडोबानं मध्येच नांग्या वाजवल्या. ती केवढी ओरडली होती त्याला! "बुवा बोलत असताना मध्ये वाजवायचं नाही! बुवा थांबले, की एक मात्रा सोडायची, म्हणजे लय कुठलीही असो एक सेकंद, आणि मग आपण धृपद धरायचं. कळलं? तोपर्यंत गप्प!" त्यावर अबोला धरला होता, चांगला दिवसभर. खेकडोबा म्हणाला होता, "शरयूताई, मी पुन्हा कधीही मध्ये बोलणार नाही." आणि यंत्रमानवाचा शब्द तो. माणसासारखा विसरायचा नाही.

बुवा तीन दिवस थांबलेच नव्हते. खेकडोबा थांबला होता.

शरयू धावत भोजनकक्षात आली. बोरकरबाई तात्यांशी बोलत होत्या. शरयू दारात उभी राहिली. सवयीनं. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. काटा पाहिला आणि तिला वाटलं, मीसुद्धा थांबूनच राहिलेय की!

"तो ऐकतोय!" ती ओरडली. "तो ओ देत नाहीये, कारण तुम्ही गप्पच बसत नाही आहात!"

सगळे वळून बघायला लागले. बोलता बोलता तिला रडू फुटलं. "चूक माझी आहे. मीच शिकवलं त्याला तसं." आणि तिनं सगळं सांगितलं.

"अगं पण," बोरकरबाई म्हणाल्या, "उरलेत तीन तास. त्यात हाका मारायच्याच थांबवू म्हणतेस? गप्प बसून कुणी सापडतं का?"

"बोरकरबाई," तात्या सावकाश उठत म्हणाले, "तीन दिवस बोलून तरी कुठे सापडला? पोर बरोबर सांगतेय. मी आवाजाचा शास्त्रज्ञ म्हणवतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. आपल्याच टूं-टूंखाली बारीक ओ आली असती, तरी ती बुडाली असती."

पेंडुरकर साहेब जाकीट सावरत पुढे झाले. "म्हणजे माझ्या चार कोटींच्या कामावरचं यंत्र शिष्टाचार पाळतंय?"

"तुमच्या बँकेतही रांगेत उभं राहायला लावता ना, साहेब?" बोरकरबाई म्हणाल्या, आणि श्रवणकक्षात जाऊन त्यांनी हाकांचं बटण बंद केलं.

तात्यांनी ट्रंकेतून टाळ काढला. पाण्यातल्या कर्ण्याला जोडलेल्या माइकसमोर धरला, आणि गावच्या मंदिरात वाजवत तसा वाजवला. टण् टण्, टणटण टण्. शरयूनं टेबलावर ठेका धरला. नामाचा गजर झाला, एक आवर्तन पुरं झालं, आणि दोघं थांबले.

श्रवणकक्षात सगळे दाटीवाटीनं उभे. आवाज आता खोलीभर ऐकू येत होता. समुद्राची बारीक सरसर, बाकी काही नाही. बोरकरबाईंच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. एक. दोन. तीन. शरयूला वाटलं, एवढं एकटं आपल्याला आयुष्यात कधी वाटलं नाही. चार.

टण् टण्, टणटण टण्.

लांबून, बारीक, पण ठेक्याला पक्कं!

"पाच सेकंद!" बोरकरबाई ओरडल्या. पेंडुरकर साहेबांनी शेजारच्या स्वयंपाक्याला मिठीच मारली. "पण हा आवाज धातूचा कसा?" ते भानावर येत म्हणाले.

तात्यांनी कान देऊन पुन्हा ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. "साहेब, अभिनंदन! तुमची नाणी वाजतायत. त्यानं नाण्यांची थप्पी नांगीत धरलीय आणि पेटीच्या दारावर टाळ म्हणून आपटतोय."

"जिवंत आहे!" शरयू म्हणाली. "पण आहे कुठे?"

"ते त्यानंच सांगितलंय आपल्याला. चल." तात्या तिला भोजनकक्षात घेऊन आले आणि खडू मागवला. "पाच सेकंदांतली एक मात्रा, म्हणजे त्यानं सोडलेला एक सेकंद, वजा कर. किती?"

"चार."

"त्यात आपला आवाज गेला किती आणि त्याचा आला किती?"

शरयूनं विचार केला. "जायला दोन, यायला दोन."

"दोन सेकंद, सेकंदाला दीड हजार मीटर."

"तीन हजार मीटर! तीन किलोमीटर! पण तात्या, कुठल्या दिशेला?"

"तिथंच तर मेख आहे," म्हणत तात्या स्टुलावर चढले. भोजनकक्षाचं छत अडीच मीटर उंच होतं. "एक किलोमीटर म्हणजे एक मीटर समज. छत म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग, आणि फरशी म्हणजे तळ. हा हूक म्हणजे आपण." त्यांनी हुकाला तीन मीटर लांब दोरी बांधली. "आता दुसरं टोक ताणून फरशीला लाव."

शरयूनं दोरी ताणली. हुकाच्या अगदी खाली ती सैल पडत होती. जरा बाजूला नेली, की ताठ. डावीकडे नेली तरी ताठ, मागे नेली तरी ताठ. ताठ दोरी फिरवत तिनं खडूनं रेघ मारत नेली, आणि फरशीवर एक वर्तुळ उमटलं.

"म्हणजे तो या रेघेवर कुठेही असेल!"

"अगदी. एका जागेवरून ऐकलं की अंतर कळतं, ठिकाण कळत नाही. म्हणून आता जागा बदलायची."

होडी सुटली. दोन किलोमीटर पूर्वेला जाऊन तात्यांनी पाण्यात कर्णा आणि जलकर्ण सोडला. गजर, मग शांतता. चार सेकंद आणि वर थोडं, ४.६ सेकंदांनी उत्तर आलं. होडीवरून आकडा कळताच शरयूनं भोजनकक्षात गणित केलं: एक वजा, निम्मं, गुणिले दीड हजार, म्हणजे २७०० मीटर. छतावर पूर्वेला दोन मीटर सोडून दुसरी दोरी, दुसरं वर्तुळ. दोन वर्तुळं एकमेकांना दोन ठिकाणी छेदत होती. दोन ठिकाणी! यातलं खरं कुठलं?

मग होडी सागरमाचीच्या अडीच किलोमीटर उत्तरेला गेली. आता साडेतीन वाजून गेले होते. तात्यांनी टाळ वाजवला आणि थांबले. चार सेकंद. पाच. सहा. सात. काही नाही.

"बॅटरी संपली बहुतेक," बोरकरबाई हळूच म्हणाल्या.

शरयूनं होडीशी जोडलेला फोन ओढून घेतला. "तात्या, पुन्हा वाजवा! पण हळू लयीत. तो दमलाय. दमलेल्या टाळकऱ्यासाठी बुवा लय कमी करतात ना?"

तात्यांनी लय उतरवली. सावकाश, एकेक ठोका मोजून. आवर्तन संपलं. मग सरसर, नुसती सरसर. आणि ५.४ सेकंदांनी एकच ठोका आला. टण्.

त्यानंतर काही आलं नाही.

पण तिसऱ्या दोरीला तेवढा पुरे होता. एक वजा, निम्मं, गुणिले दीड हजार: ३३०० मीटर. शरयूनं तिसरं वर्तुळ काढायला घेतलं. खडू सरकत सरकत आधीच्या दोनांतल्या एका छेदाकडे गेला आणि तिथं एका खुर्चीला अडला. खुर्चीत पेंडुरकर साहेब बसले होते.

"साहेब, पाय उचला," शरयू म्हणाली. "खेकडोबा तुमच्या खाली आहे."

साहेबांनी पाय उचलले, खुर्ची उचलली आणि स्वतःही बाजूला झाले. तीन रेघा एका टिंबात मिळाल्या होत्या.

त्या टिंबावर होडीतून नेलेली सागरमाचीची मोठी दोरी उतरली, टोकाला दिवा, कॅमेरा आणि आकडा घेऊन. खाली पोचायला तिला तासभर लागला. पडद्यावर आधी नुसता काळोख होता, मग काळोखातून पडणारे पांढरे कण. मग चिखलात लाखो नाणी लकाकली. आणि त्या साऱ्या धनाच्या मधोमध, कुणाच्या उपयोगाचा एक पैसा नसलेल्या त्या ढिगावर, खेकडोबा नांगी वर करून बसला होता. पुढच्या ठोक्यासाठी उचललेली नांगी तशीच राहिली होती.

ते पाहून बोरकरबाईंनी चष्मा पुसला.

दिवस मावळायच्या आत तो वर आला. नांगीत अकरा नाणी होती. बोरकरबाईंनी ती रीतसर पेंडुरकर साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी चार कोटी आणि अकरा रुपये यांचा मनाशी काही विचार केला, मग म्हणाले, "उरलेली राहू द्या तिथंच. खालच्या जीवांना घरटी करायला उपयोगी पडतील." आणि त्या भरात त्यांनी जाकीटही काढून ठेवलं.

तासभर वीज पिऊन झाल्यावर खेकडोबाचे डोळे लुकलुकले.

"शरयूताई," तो म्हणाला, "या वेळी निरूपण फार लांबलं."

शरयू हसली आणि रडलीही. "तुला एकटं वाटलं का रे?"

"एकटं म्हणजे काय, मला नीट माहीत नाही. पण बुवा बोलत होते तोपर्यंत मला कळत होतं, की कुणीतरी आहे. फक्त माझी पाळी येत नव्हती."

शरयूनं त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "माझा नियम अर्धाच होता. ऐकावं हे खरं, पण आपल्याला गरज असली, की मध्येच बोलायचं. बुवा रागावत नाहीत. कीर्तन ज्याच्यासाठी चाललंय, तो तर मुळीच रागावत नाही."

"नोंद केली," खेकडोबा म्हणाला.

तात्या खोलीत दिवसभराचे आकडे लिहीत होते. दाराकडे पाठ, पेन भराभरा चालू. शरयू दारात आली आणि या वेळी थांबली नाही.

"तात्या, मला इथं करमत नाही. फार एकटं वाटतं. रोज वाटतं."

पेन थांबलं. तात्या वळले. मग दुसऱ्या खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा त्यांनी उचलून जमिनीवर ठेवला.

"बस," ते म्हणाले. "तीन महिने झाले तुला येऊन. मीही टूं-टूं करत राहिलो, नाही का?"

मग दोघं पुष्कळ बोलले. गावाबद्दल, आईच्या हातच्या घावनांबद्दल, बर्फाबद्दल. बोलता बोलता शरयूनं विचारलं, "तात्या, आईबाबांच्या तिथं बर्फाखाली समुद्र आहे ना? तिथंही आवाजानं असं शोधता येईल?"

"येईल की. पुढच्या वर्षी तिथं दहा यंत्रमानव सोडायचेत. वर जाड बर्फ, म्हणजे दोरी सोडणं कठीण, रेडिओ तर नाहीच. एकमेकांना हाक मारायची, थांबायचं, ओ ऐकायची, आणि त्यावरून कोण कुठे आहे ते ओळखायचं. पण त्यांना हे शिकवणार कोण?" तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिकवशील?"

"शिकवीन," ती म्हणाली. "पण मध्ये बोलायचं कधी, ते पहिल्या दिवशी शिकवीन."